फ्रेड-जिंजरचे सिनेमे घरच्यांना कसे दाखवायचे (आजीसकट)

आमच्या गोव्यात, फोंड्याला, जुलैत पाऊस लागला की संध्याकाळी सातनंतर घरात सगळे एकाच खोलीत असतात आणि प्रत्येकजण आपापल्या मोबाईलमध्ये. दोन वर्षांपूर्वी मी ठरवलं की या लोकांना फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स या हॉलीवूडच्या जुन्या नाचणाऱ्या जोडीचे सिनेमे दाखवायचे. दोघांचे मिळून दहा आहेत, पहिले नऊ १९३३ ते १९३९ मधले आरकेओ स्टुडिओचे, आणि मग दहा वर्षांनी १९४९ मध्ये एमजीएमचा एक. आता दहाही बघून झालेत, आजी बसली, बाबा बसले, शेजारचे अंकलसुद्धा खुर्ची घेऊन आले, पण त्याआधी मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून हे लिहितेय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिल्यापासून क्रमानं सुरू करणं. मला वाटलं सिरीयलसारखं पहिला भाग आधी. पहिला म्हणजे 'फ्लाइंग डाउन टू रिओ', १९३३. त्यात ही दोघं हिरो-हिरॉईन नाहीतच! नामावलीत जिंजर चौथी आणि फ्रेड पाचवा, हिरॉईन डोलोरेस डेल रिओ. दोघं मिळून नाचतात ते 'कॅरिओका' या एका गाण्यात, कपाळाला कपाळ लावून, आणि तेही जेमतेम रंगतंय तोवर बाकीचे नाचणारे येऊन फ्लोअर घेतात. शेवटी विमानांच्या पंखांवर बांधलेल्या मुली नाचतात ते बघून भाचा खूश झाला, पण तोवर बाबा पंप बंद करायला म्हणून गेले ते परत आलेच नाहीत. हा सिनेमा मागाहून बघा, दोघांची सवय झाल्यावर त्यातली ती दोन मिनिटं शोधायला मजा येते.

सुरुवात 'टॉप हॅट'पासून करायची, १९३५. पण त्याच्याही आधी टीव्हीचं सेटिंग, हे कोणी सांगत नाही. हे सिनेमे जवळजवळ चौकोनी चित्राचे आहेत, जुन्या डबा टीव्हीसारखे. आजकालच्या लांबट टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात आणि घरात कोणाला तरी ते खुपतात, मग तो माणूस रिमोट घेऊन 'झूम' करतो. झूम केलं की वरून डोकं जातं आणि खालून पाय. अहो पाय गेले तर उरलं काय! फ्रेडचा हट्टच होता की नाचताना माणूस डोक्यापासून बुटापर्यंत अख्खा दिसला पाहिजे, कॅमेरा दोघांच्या बरोबरीनं सरकेल पण मध्येच चेहरा, मध्येच बूट, मध्येच टाळ्या वाजवणारे लोक असलं दाखवायचं नाही, आणि कट जितके कमी तितके बरे. तेव्हा चित्र मूळ आकारातच ठेवा. काळे पट्टे असू देत. टीव्हीत ते चित्र गुळगुळीत करणारं मोशनचं सेटिंग असतं तेही बंद करा, नाहीतर सिनेमा कालच शूट केलेल्या सिरीयलसारखा दिसतो. रंगवलेली प्रत मिळाली तर घेऊ नका, पहिले नऊच्या नऊ ब्लॅक अँड व्हाईट आहेत आणि ते चकाचक पांढरे सेट, काळा कोट, हे सगळं त्याच हिशोबानं केलेलं आहे. इंग्लिश सबटायटल्स लावा कारण बोलणं भराभर आहे. आणि आवाज. आमच्या मागच्या पडवीवर पत्रे आहेत, जोराची सर आली की टॅपचा, म्हणजे नाचताना बुटांनी धरलेल्या तालाचा, आवाज त्यात बुडतो, म्हणून मी आता स्पीकर टीव्हीखाली न ठेवता माणसांच्या जवळ स्टुलावर ठेवते.

आता आजी. आजीला इंग्लिश येत नाही आणि सबटायटल्स तिच्या कामाची नाहीत. तिला मी एवढंच सांगितलं की हे संगीत नाटक आहे असं समज. तिचं सगळं तारुण्य देवळासमोरच्या मांडवात रात्र-रात्र नाटकं बघण्यात गेलेलं, ती लगेच म्हणाली, म्हणजे गोष्ट नावापुरती आणि पदं ऐकायची. बरोबर! एका वाक्यात तिनं सगळं सांगून टाकलं. 'टॉप हॅट'ची गोष्ट काय तर एक मुलगी एका नाचणाऱ्याला आपल्या मैत्रिणीचा नवरा समजते आणि तो गैरसमज शेवटपर्यंत कोणी दूर करत नाही, एक वाक्य बोलला असता कोणी तर अर्ध्या तासात सिनेमा संपला असता. त्यावर चिडायचं नाही. आपण नाटकात नायिका पुरुषवेष घालून आली की तिला सख्खा नवरा ओळखत नाही ते चालवून घेतो की नाही? तसंच हे.

फक्त एक फरक आहे आणि तो घरच्यांना आधी सांगून ठेवा. आपल्याकडे पद येतं तेव्हा गोष्ट थांबते. इथं नाच सुरू झाला की गोष्ट चालू होते. बोलून जे जमत नाही ते नाचात ठरतं, ती नाही म्हणत असते, मग बघू म्हणते, मग हो. त्यामुळे चहा आणायला उठायचं असेल तर बोलण्याच्या सीनमध्ये उठा, नाच चालू असताना नाही. आमच्याकडे उलटं व्हायचं, गाणं लागलं की आई कांदाभजी तळायला जायची, हिंदी सिनेमाची सवय.

'टॉप हॅट'मधला पावसाचा नाच हा माझ्या मते सगळ्यात चांगला पहिला धडा आहे. लंडनच्या बागेत दोघं पावसात बँडस्टँडच्या छपराखाली अडकतात. ती घोडेस्वारीच्या कपड्यांत, म्हणजे पॅन्टमध्ये. तो गातो तेव्हा ती त्याच्याकडे पाठ करून बसलेली. मग तो चालायला लागतो आणि ती उठून मागून त्याची नक्कल करत चालते, सरळसरळ चेष्टा. तो एक स्टेप करतो, ती तीच करून दाखवते, तो जरा अवघड करतो, ती तेही करते. कितीतरी वेळ दोघं एकमेकांना हातसुद्धा लावत नाहीत! बाहेर वीज कडाडते, यांचा वेग वाढतो, आणि शेवटी छपराच्या कडेला बसून हस्तांदोलन. बस. एकही प्रेमाचा शब्द नाही आणि सगळं कळलं. आमच्याकडे तेव्हा बाहेर खरोखरचा धो-धो पाऊस होता, आजी म्हणाली परत लाव.

आणि परत लावायचंच, ती माझी मुख्य युक्ती आहे. प्रत्येक मोठा नाच दोनदा बघायचा. पहिल्यांदा तुम्ही फ्रेडकडेच बघणार, इलाज नाही, माणूस तसा आहे, वयाच्या सहा-सात वर्षांपासून बहीण अडेलबरोबर स्टेजवर नाचलेला, बहीण १९३२ मध्ये लग्न करून नाच सोडून गेली तेव्हा कुठे हा सिनेमाकडे वळला. दुसऱ्यांदा मात्र ठरवून फक्त जिंजरकडे बघा. ती त्याच्याएवढी टेक्निकवाली नाही, लहानपणापासून त्याच्यासारखी तालीम नव्हती, टेक्सासमध्ये चार्ल्सटन नाचाची स्पर्धा जिंकून स्टेजवर आलेली मुलगी. पण ती नाचता नाचता अभिनय करते. तो नाचतोय आणि तिला काहीतरी होतंय, हे आपल्याला तिच्या खांद्यांवरून, मानेवरून कळतं. त्यात बॉलरूम म्हणजे जोडीनं धरून करायच्या नाचात बाईला बराच वेळ उलटं जावं लागतं, उंच टाचांवर, लांब झग्यात. आजीनं विचारलं, "हिच्या पाठीला डोळे आहेत काय गो?"

नाच बसवायचे फ्रेड आणि हर्मीस पॅन मिळून. जिंजर तेव्हा बऱ्याचदा दुसऱ्या सिनेमाच्या शूटिंगमध्ये, म्हणून तालमीत जिंजरच्या जागी पॅन नाचायचा आणि मग तिला शिकवायचा. टॅपचा आवाजसुद्धा बहुतेक वेळा नंतर रेकॉर्ड केलेला असतो आणि जिंजरच्या बुटांचा आवाज कित्येकदा पॅनच्या पायांचा! हे कळल्यावर भाचा दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरत होता.

'टॉप हॅट'मध्येच पुढे 'चीक टू चीक' येतं, आयर्विंग बर्लिनचं गाणं, शहामृगाच्या पिसांचा झगा. नाचताना पिसं गळत होती, फ्रेडच्या नाकातोंडात जात होती आणि तो वैतागला होता, नंतर मात्र त्यानं तिचं नावच 'फेदर्स' ठेवलं. स्क्रीनवर नीट बघितलं तर उडणारं एखादं पीस सापडतं. मुलांना हे काम द्या, पिसं मोजा म्हणावं, तेवढा वेळ ती गप्प बसतात. हे गाणं लागलं आणि शेजारचे अंकल दारात येऊन उभे. तरुणपणी सासष्टीतल्या लग्नांत सॅक्सोफोन वाजवायचे ते. म्हणाले, "हें आमी काजारांनी वाजयताले." काजार म्हणजे लग्न. सिनेमा त्यांनी कधी बघितला नव्हता, सूर मात्र सगळे पाठ. त्या दिवसापासून त्यांची खुर्ची पक्की.

दुसऱ्या शनिवारी 'स्विंग टाईम', १९३६. बरेच लोक याला दोघांचा सर्वात चांगला मानतात, मीही मानते, पण पहिला म्हणून दाखवू नका कारण सुरुवात रेंगाळते, नाच यायला बराच वेळ जातो. एकदा तो डान्स स्कूलचा सीन आला की मग सिनेमा थांबत नाही. फ्रेड नाच येत नसल्याचं सोंग करतो, पडतो धडपडतो, त्यापायी तिथं शिकवणाऱ्या जिंजरची नोकरी जाते, मग मालकाला दाखवायला म्हणून तो तिला घेऊन नाचतो, बघा हिनं मला किती शिकवलं. बाबा मनापासून हसले ते इथं. 'द वे यू लुक टुनाईट' या गाण्याला ऑस्कर मिळालं, आणि ते तो गातो तेव्हा तिच्या डोक्यावर शांपूचा फेस! शेवटचा 'नेव्हर गॉना डान्स' मात्र हसण्याचा नाही, दोघं वेगळे होणार आहेत आणि सगळा सिनेमा त्या नाचात परत येऊन जातो. त्याचे सत्तेचाळीस टेक झाले आणि जिंजरच्या पायातून रक्त आलं अशी हकीकत आहे. हे आधी सांगू नका, बघून झाल्यावर सांगा. आणखी एक, यात फ्रेड एका नाचात तोंडाला काळा रंग लावून येतो. बिल रॉबिन्सन या काळ्या नर्तकाला मानवंदना म्हणून केलेलं आहे, मागे तीन मोठ्या सावल्या नाचतात ती कल्पना भन्नाट, पण तो रंग आज बघवत नाही. मुलं बरोबर असतील तर गाळू नका, हे तेव्हा चालायचं आणि चुकीचं होतं एवढं सांगा आणि पुढे जा.

बाकीच्यांचं पटकन सांगते. 'द गे डिव्होर्सी' (१९३४) मध्ये कोल पोर्टरचं 'नाईट अँड डे' बघा, ती निघून जात असते आणि तो नाचूनच तिला अडवतो, 'द कॉन्टिनेन्टल' हे गाणं फार लांबतं पण गाण्याचं पहिलंवहिलं ऑस्कर त्याला मिळालेलं. 'रॉबर्टा'त मुख्य बाई आयरीन डन, पण 'आय विल बी हार्ड टू हँडल'मध्ये दोघं खरोखर हसतायत असं वाटतं, तिथं लाकडी फ्लोअरवरच्या टॅपचा आवाज तिथल्या तिथं घेतलेला आहे. 'फॉलो द फ्लीट' कंटाळा आला तर पुढे ढकला, मी ढकलला, पण शेवटचा नाच सोडायचा नाही, जुगारात सगळं हरलेला माणूस आणि जीव द्यायला निघालेली बाई. तिच्या झग्याला मण्यांच्या जड बाह्या होत्या, गिरकीत एक फ्रेडच्या तोंडावर बसली, कितीतरी टेक घेतले आणि शेवटी पहिलाच वापरला. 'शॅल वी डान्स' (१९३७) गर्श्विन भावांची गाणी, रोलर स्केट्सवरचा टॅप मुलांसाठी. 'केअरफ्री'त गाणी कमी, विनोद जास्त. कॅसल या खऱ्याखुऱ्या नर्तक नवरा-बायकोवरचा १९३९ चा सिनेमा शेवटी रडवतो, व्हर्नन कॅसल खरोखरच १९१८ मध्ये विमान अपघातात गेला होता. आणि 'द बार्कलीज ऑफ ब्रॉडवे' रंगीत, जिंजरच्या जागी आधी ज्युडी गारलँड येणार होती. 'शॅल वी डान्स'मध्ये फ्रेडनं नुसतं गायलेलं 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी' इथं दोघं नाचतात, बारा वर्षांनी, म्हणून तो अगदी शेवटी ठेवा. अंकलनी चष्मा पुसला तेव्हा.

आजी-आजोबांसमोर कसं बघायचं अशी काळजी असेल तर सोडा, चुंबन शोधावं लागतं इतकं कमी आहे.

एका वेळी एकच सिनेमा, साधारण दीड ते पावणेदोन तास लागतात. लाईट गेली तर परत आल्यावर आधीच्या नाचापासून लावा, मधूनच नको.

बघून झाल्यावर घरात नाचावंसं वाटतंच, तर सोपा फॉक्सट्रॉट घ्या, आपल्याकडे ख्रिश्चन लग्नात बँड वाजवतो तोच. अंकलनी आम्हाला असा शिकवला: पुरुषानं डावा पाय पुढे, सावकाश. उजवा पुढे, सावकाश. मग डावा बाजूला, उजवा त्याला जोडून, हे दोन्ही भरभर. स्लो, स्लो, क्विक-क्विक. बाईनं याचंच उलट, उजवा पाय मागे, डावा मागे, मग उजवा बाजूला, डावा जोडून. मोजे घालून टाईल्सवर करू नका, पावसात फरशीला ओल असते, मी टीपॉयवर आपटले आहे. जिंजरची बाजू करून बघा एकदा, मागे न बघता चार पावलं जायचं म्हणजे काय ते समजतं. आई दोन दिवसांत शिकली. डिसेंबरात मडगावला अंकलच्या पुतण्याचं काजार आहे, तोवर बाबांना वळायला शिकवायचंय, सध्या ते भिंत येईपर्यंत सरळच जातात.