ठाण्यावर तक्रार घेत नाहीत? स्पीड पोस्ट करा

वार्तांकन करताना कॅमेरा हिसकावला, मारहाण झाली आणि ठाण्यावर ‘उद्या या’ म्हणाले, तर नुसते परतू नका.

१. गाडीत बसल्याबसल्या वेळ, जागा, साक्षीदार, समोरच्याचे नेमके शब्द लिहून संपादकांना व्हॉट्सअ‍ॅप करा. संध्याकाळपर्यंत शब्द निसटतात, हे मी खाणपट्ट्यात अनुभवलंय.

२. तीच हकीगत सही करून गोव्यातल्या तुमच्या जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा. दखलपात्र गुन्ह्यात (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना करू शकतात) भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४) हा हक्क देतं. तिथेही हललं नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पोस्टाची पावती जपा, दंडाधिकाऱ्यांपुढे तीच दाखवायची असते.

मूळ व्हिडिओ मात्र कापू नका, पुसू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या प्रतीचा दर्जा उतरलेला असतो.