पेव्हर ब्लॉकवर सिलर मारलाय? मग या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर अंगणातल्या पेव्हर ब्लॉकना चकचकीत सिलर (पाणी-डाग अडवणारा लेप) मारून घ्यायचा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ‘ब्लॉक पांढरे पडले’ म्हणून कंत्राटदाराला धारेवर धरायचं, हे रो हाऊस-बंगल्यांत आता नेहमीचंच झालंय. बहुतेक वेळा माल वाईट नसतो. नडतं ते खाली अडकलेलं पाणी.

ब्लॉक सिमेंटचा; तो पाणी पितो आणि वाळताना सोडतो. ॲक्रिलिक सिलर त्याच्यावर पापुद्रा धरतो. पाऊस उघडून चार दिवस झाले, ब्लॉक वरून कोरडा दिसला, की लोक रोलर फिरवून मोकळे होतात. पण ब्लॉकखाली अंथरलेली दगडाची कच अजून ओली असते. ऊन पडलं की ती ओल वर येते, पापुद्र्याखाली कोंडते आणि दुधाळ पट्टे उठतात. म्हणून आधी एक साधी गोष्ट करा: हातभर प्लास्टिकचा कागद ब्लॉकवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर काम पुढे ढकला. थंडीत दव पूर्ण सुकल्याशिवाय हात लावू नका आणि भर दुपारच्या तापल्या ब्लॉकवरही नको, बुडबुडे धरतात. एका जाड हातापेक्षा दोन पातळ हात केव्हाही बरे.

पांढरं दिसलं की लगेच ॲसिड आणायला धावू नका. आधी पाणी ओतून बघा. ओलं असताना डाग गायब आणि सुकल्यावर परत हजर, तर तो वर आलेला लोणा: सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर वर येतो आणि हवा लागून त्याची पांढरी पूड होते. नव्या ब्लॉकमध्ये हे चालायचंच. म्हणून नवं काम निदान महिना-दोन महिने उघडं राहू द्यावं, कोरड्या ब्रशने पूड झाडत राहावी आणि मगच सिलर. पाणी ओतूनही डाग ढिम्म हलत नसेल, तर दोष पापुद्र्याखाली आहे. सिलर सॉल्व्हंटचा, म्हणजे पाण्याऐवजी थिनरसारख्या द्रवात कालवलेला असेल, तर झायलीनचा (हाही तसाच एक द्रव) पातळ हात दिल्यावर सिलर पुन्हा विरघळतो, ओल निसटते आणि डाग बरेचदा जातो. आधी एका कोपऱ्यात करून पाहा. झायलीन पेट घेतं, त्याचा वासही चढतो. तोंडाला साधा कापडी नाही, वाफ अडवणारा मास्क हवा आणि आसपास विडी-काडी नको. पाण्याच्या सिलरवर मात्र हा उपाय भरवशाचा नाही, तो खरवडूनच काढावा लागतो.

आणि संडास धुवायचं ॲसिड अंगणात नकोच. ते सिमेंट खातं, रंग उडतो, ब्लॉक खरबरीत होतो आणि अशा ब्लॉकवर शेवाळ जास्तच धरतं. रोजच्या धुण्याला भांड्यांचा साबण आणि खराटा पुरतो. प्रेशर वॉशर वापरायचाच तर पंख्यासारखी फवारणारी नोझल, तिरपी आणि फूटभर लांबून. सरळ धार मारली तर सांध्यातली वाळू उडते. मग हरळी आणि मुंग्या येतात, ब्लॉक डुगडुगायला लागतो. तेव्हा वरून सिमेंटची स्लरी ओतणारे महाभाग असतात. सांधा कडक झाला की ब्लॉकला हलायला जागा उरत नाही, कडा फुटतात. कोरडी बारीक वाळू झाडून भरा, सिलरचा हात त्यानंतर.

पणतीचं तेल सांडलं तर लगेच टिपून साबणाने पुसा. नळाजवळ, पायऱ्यांपाशी आणि उतारावर सिलरमध्ये अँटी-स्किडची (पाय घसरू न देणारी) पूड मिसळून घ्या, विशेषतः घरात म्हातारी माणसं असतील तर. गाडी उभी राहते तिथे मी तर चकाकीचा सिलर लावूच नये म्हणेन. गरम टायरखाली पापुद्रा उचलतो. तिथे ब्लॉकमध्ये मुरणारा सिलेन-सिलॉक्सेनचा घ्या, भले चमक येणार नाही.

‘दर दिवाळीला एक हात’ हाही खुळा हिशेब. थरावर थर चढला की सोलपटं निघतात. पेलाभर पाणी ओता. थेंब गोल राहिले तर अजून गरज नाही. पाणी पसरून ब्लॉक काळपट पडला, तर नवा हात द्यायला हरकत नाही.