पुस्तकचर्चा भरकटू नये म्हणून

वाचनकट्ट्याला आठ ते बारा माणसे पुरतात. पंधराच्या वर गेली की चौघे बोलतात आणि बाकीचे ऐकत बसतात. पुस्तक महिनाभर आधी ठरवा, शक्यतो अडीचशे पानांच्या आतले. प्रती मिळत नसतील तर एखादी जुनी कथा निवडा. ती लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झाली असेल आणि निधनाच्या पुढच्या 1 जानेवारीपासून 60 वर्षे उलटली असतील, तर भारतात तिच्या छायाप्रती वाटायला हरकत नाही. अनुवादाचा हक्क मात्र वेगळा मोजतात.

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ‘पुस्तक कसं वाटलं?’ असे विचारले की ‘छान’ एवढेच उत्तर येते आणि चर्चा तिथेच बसते. त्याऐवजी ‘वाचताना कुठे थांबलात?’ असे विचारा. प्रत्येकाला एक मिनिट द्या, जागा प्रकरणासकट सांगायला लावा. आवृत्ती बदलली की पानांचे आकडे जुळत नाहीत. या फेरीत कोणी कोणाला खोडायचे नाही. अबोल माणसाचा आवाज एकदा निघाला की तो पुढेही बोलतो, म्हणून ही फेरी कधीही गाळू नका.

संचालकाने स्वतःचे मत शेवटीच मांडावे, नाहीतर सगळे त्याच्याच दिशेने झुकतात. कोणी लांबण लावली तर वाक्याच्या शेवटी, ‘हा मुद्दा धरू, यावर आणखी कोण बोलतंय?’ असे म्हणत हळूच सूत्र काढून घ्या. जात किंवा राजकारणावरून आवाज चढले तर विषय दडपू नका. त्या प्रसंगाचा परिच्छेद मोठ्याने वाचा आणि बोलणे मजकुरावर आणा. नव्वद मिनिटांनी थांबा, पुढचे पुस्तक ठरवूनच उठा.