फुलपाखरांची बाग करताना या चुका टाळा

झिनिया लावला, पेंटास लावला, कुंड्या रंगांनी भरून गेल्या. तरी फुलपाखरू दिवसाकाठी एखादंच येतं, दोन फुलांवर टेकतं आणि कुंपणापलीकडे निघून जातं. बहुतेकांची तक्रार हीच असते आणि कारणही बहुतेक वेळा एकच असतं. बागेत मकरंद आहे, पण अंडी घालावीत असं एकही पान नाही.

फक्त फुलझाडं लावणं

मादी पायांनी पानाची चव घेते. लिंबाच्या झाडाभोवती घुटमळणारी मादी नीट पाहिली तर दिसतं, की ती पानावर पुढच्या पायांनी भरभर टकटक करते, पान पटलं तर पोट वळवून एकच अंडं चिकटवते आणि पुढच्या फांदीकडे जाते. पान चुकीचं असेल तर फूल कितीही सुंदर असो, ती थांबत नाही. प्रत्येक जातीच्या अळीची ठरावीक झाडं असतात. ती नसतील तर अळी उपाशी मरते, दुसरं काही खात नाही.

घरच्या बागेत सहज जमणाऱ्या झाड-फुलपाखराच्या जोड्या अशा:

- लिंबू, कढीपत्ता: लाइम बटरफ्लाय, कॉमन मॉर्मन
- रुई, हळदकुंकू: प्लेन टायगर
- कण्हेर: कॉमन क्रो
- पानफुटी: रेड पिएरो
- कृष्णकमळ: टॉनी कोस्टर
- बहावा, टाकळा: कॉमन एमिग्रंट
- सोनचाफा, आसुपालव: टेल्ड जे
- एरंड: कॉमन कॅस्टर

जागा कमी असेल तर लिंबू किंवा कढीपत्ता आणि पानफुटी एवढ्यावर सुरुवात करा. रुईचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते आणि कण्हेर सगळ्याच भागांत विषारी आहे. घरात लहान मुलं किंवा पाळीव प्राणी असतील तर ही दोन झाडं त्यांच्या हाती-तोंडी लागतील अशी ठेवू नका.

पानाला भोक दिसलं की फवारणी

बागेतल्या कितीतरी अळ्या यानेच मरतात, आणि मारणारे बहुधा ‘आम्ही रासायनिक काही वापरत नाही’ असं सांगणारे असतात. निमतेलातला अझाडिरेक्टिन हा घटक अळीची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवतो. तेल सेंद्रिय आहे म्हणून अळी वाचत नाही. बीटी या जिवाणूजन्य कीटकनाशकाची फवारणी तर अळ्या मारण्यासाठीच असते. कोबीवरची अळी कोणती आणि लाइम बटरफ्लायची कोणती, हा फरक तिला कळत नाही.

हळदकुंकवावर पिवळा मावा येतोच. आधी पानांच्या दोन्ही बाजू बघून अंडी आणि अळ्या कुठे आहेत ते हेरा. तेवढा भाग सोडून मावा ओल्या बोटाने पुसा किंवा पाण्याच्या बारीक धारेने पाडा. तीन-चार दिवसांनी पुन्हा करा. मावा पूर्ण संपला नाही तरी चालतं, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांनाही (लेडीबर्ड) काहीतरी खायला हवं.

नर्सरीतून आणलेलं झाड थेट वापरणं

झाड टवटवीत आहे, अंडीही पडली, पण अळ्या दोन दिवसांत मरतात. अशा वेळी पहिला संशय आंतरप्रवाही कीटकनाशकाचा घ्यावा. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध मुळांतून वर चढतं आणि पानांत, मकरंदातही उतरतं. वरून धुऊन ते जात नाही आणि कित्येक महिने झाडात टिकू शकतं. झाड घेताना कोणतं औषध वापरलं ते विचारा. उत्तर पटलं नाही तर बी पेरा किंवा माहितीतल्या झाडाची फांदी आणून लावा. पानफुटीचं तर एक पान मातीवर ठेवलं तरी कडेने रोपं फुटतात. आधीच आणलेलं झाड असेल तर ते निदान एक हंगाम जाळीखाली ठेवा, म्हणजे त्यावर अंडी पडणार नाहीत.

अळी न ओळखता उचलून फेकणं

लाइम बटरफ्लायची लहान अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी, काळपट-पांढरी दिसते. शेवटच्या अवस्थेत तीच हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून दुभागलेला शिंगासारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. तो विषारी नाही. पानफुटीचं पान आतून फुगल्यासारखं, डागाळलेलं दिसलं की लोक बुरशी समजून ते खुडून टाकतात. पान उजेडासमोर धरून पाहा. रेड पिएरोची अळी पानाच्या आत राहूनच गर खाते आणि तिची काळी विष्ठाही तिथेच दिसते. आंब्यावरच्या कॉमन बॅरनच्या अळीला दोन्ही बाजूंना पिसांसारखे काटे असतात. ती पानाच्या मधल्या शिरेवर अशी बसते की शीर आणि तिच्या पाठीवरची रेघ एक होऊन जाते.

दाट केसाळ सुरवंट मात्र बहुतेक वेळा पतंगांचे असतात आणि काहींच्या केसांनी अंगाला खाज सुटते. त्यांना हात लावू नका.

एकच झाड, तेही सारखं छाटणं

लिंबू-कढीपत्त्यावर मादी कोवळी पालवी शोधते. झाड जून पानांचंच राहिलं तर अंडी कमी पडतात आणि पालवी फुटल्या फुटल्या स्वयंपाकासाठी तोडली तर अंडी पातेल्यात जातात. निदान दोन कुंड्या ठेवा, 12 इंची किंवा मोठ्या. त्यांची छाटणी आळीपाळीने करा, म्हणजे एकीवर कायम कोवळं पान राहील. घरात वापरायचा कढीपत्ता वेगळा ठेवला तर वादच मिटतो.

अळीच्या खाण्याचा मोठा हिस्सा शेवटच्या चार-पाच दिवसांत येतो, त्यामुळे ‘काल तर झाड भरलेलं होतं’ हा धक्का ठरलेला. हातभर उंचीच्या रोपावर दोन-तीनपेक्षा जास्त अळ्या शेवटपर्यंत पोसल्या जात नाहीत. जास्तीच्या अळ्या दुसऱ्या झाडावर न्यायच्या तर चिमटीने ओढू नका, पकड न सुटता अंग फाटतं. अळी बसलेलं पान देठासकट कापून नव्या झाडाच्या पानावर टेकवून ठेवा, ती स्वतःहून सरकते. अळी एका जागी निश्चल बसली असेल तर ती कात टाकत असू शकते. तेव्हा दिवसभर तिला हलवू नका.

झाड निष्पर्ण झालं म्हणून उपटू नका. आठवड्यात-दोन आठवड्यांत फुटतं.

दुहेरी पाकळ्यांची फुलं आणि सावलीतल्या कुंड्या

गोंड्यासारख्या गच्च फुलांत मधल्या बारीक फुलांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. मकरंद कमी, आणि असला तरी सोंड तिथवर पोचत नाही. झेंडू, झिनिया, कॉसमॉस घेताना एकेरी फुलांचे घ्या. एकाच फुलाची चार-पाच रोपं जवळजवळ लावा. सुट्या कुंड्यांपेक्षा असा रंगाचा पुंजका लांबून दिसतो. एक्झोरा, पेंटास, जमैकन स्पाइक भरवशाचे. फुकटात येणारी एकदांडी तण म्हणून उपटू नका, लहान फुलपाखरांना ती फार आवडते. टणटणी फुलपाखरांना आवडते हे खरं, पण ती पक्ष्यांमार्फत रानात पसरून तिथली झाडं मारते. ती टाळलेलीच बरी.

फुलपाखराचं अंग तापल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. बागेला पाच-सहा तास ऊन हवं, वाऱ्याच्या बाजूला उंच झुडूप किंवा जाळी हवी आणि सकाळचं ऊन पडेल तिथे एखादा सपाट दगड.

साखरपाण्याच्या वाट्या आणि लाकडी घरं

साखरपाणी आंबतं आणि मुंग्या बोलावतं. मुंग्या आल्या की अंडीही जातात. त्याऐवजी पसरट मातीच्या थाळीत वाळू-माती भरून ती ओली ठेवा, पाणी साचू देऊ नका. त्यात चिमूटभर मीठ किंवा चमचाभर लाकडाची राख मिसळा. त्यावर येतात ते मुख्यतः नर, ओल्या मातीतून क्षार शोषायला. फटी असलेली शोभेची ‘फुलपाखरांची घरं’ घेऊ नका. त्यात कोळी आणि गांधीलमाश्या राहतात.

काही तरी बिघडलंय, ते कसं ओळखाल

*अळ्या रातोरात गायब:* पूर्ण वाढलेली अळी असेल तर चांगली बातमी. कोष करण्याआधी ती खाणं थांबवते, पातळ विष्ठा टाकते आणि झाड सोडून भिंतीवर, कुंडीच्या कडेखाली किंवा वाळक्या काटकीवर जाते. त्या आठवड्यात बागेची साफसफाई नको. लहान अळ्या गेल्या असतील तर पाली, पक्षी, गांधीलमाश्या. एखादी फांदी बारीक जाळीच्या पिशवीत घाला, बाकी निसर्गावर सोडा.

*अळी उलटी लोंबते आणि अंगातून काळं पाणी गळतं:* हा बहुधा विषाणूंचा रोग. पानासकट काढून झाकणबंद पिशवीत टाका, कात्री आणि हात साबणाने धुवा.

*कोष काळा पडला:* आत पंखांची नक्षी स्पष्ट दिसत असेल तर फुलपाखरू एक-दोन दिवसांत बाहेर येईल. कोष नुसताच काळा, मऊ आणि घाण वासाचा असेल किंवा त्याला बारीक गोल भोकं असतील तर आतला जीव गेला आहे. भोकं परजीवी गांधीलमाश्यांची.

*बाहेर आलं, पण पंख चुरगळलेले:* कोष अरुंद बरणीत ठेवला की असं होतं. बाहेर पडताच त्याला खडबडीत उभ्या जागेला धरून लटकता यायला हवं. पंख भरून वाळायला एक-दोन तास लागतात आणि खाली पंखांहून जास्त मोकळी जागा लागते. याच वेळी गळणारा लालसर थेंब रक्त नसतो, कोषातला साठलेला मळ असतो. पंख एकदा चुरगळलेले वाळले की ते दुरुस्त होत नाहीत.