जंगलाच्या हवाई लेझर स्कॅनमधील इंटेन्सिटी एका पातळीवर कशी आणावी

इंटेन्सिटी म्हणजे परत आलेल्या लेझर प्रकाशाची तीव्रता; अंतर वाढले की ती घटते. वेगवेगळ्या उंचीवरून उडताना स्कॅन केलेल्या दोन पट्ट्यांत सागाचे एकच झाड एकीकडे उजळ आणि दुसरीकडे काळपट दिसत असेल, तर त्या इंटेन्सिटीवरून प्रजाती ओळखू नयेत. सह्याद्रीसारख्या प्रदेशात तर एकाच पट्टीतही माथा विमानाच्या जवळ आणि दरी दूर असते.

चुकार बिंदू काढावेत, स्कॅनरचा गेन (आलेला सिग्नल वाढवण्याचे प्रमाण) आपोआप बदलत असल्यास त्याचा परिणाम आधी वजा करावा, आणि जीपीएस वेळ उड्डाणमार्गाच्या फाइलशी जुळवून प्रत्येक बिंदूचे स्कॅनरपासूनचे अंतर काढावे. हे काम झाडांची जमिनीपासूनची उंची काढण्यापूर्वीच करावे, कारण त्यानंतर डोंगर सपाट होतो आणि अंतरे खोटी निघतात.

सूत्र सोपे आहे: अंतराला संदर्भ अंतराने (सर्व बिंदूंसाठी ठरवलेल्या एकाच अंतराने) भागावे, भागाकाराचा घात करावा आणि त्याने मूळ इंटेन्सिटीला गुणावे. अडचण आहे ती घातांकाची. लेझरच्या ठिपक्याहून मोठ्या, सलग पृष्ठभागासाठी, म्हणजे रस्ता किंवा कातळासाठी, तो २ असतो. पाने आणि डहाळ्या ठिपक्याहून लहान असल्याने पर्णछत्रात तो वाढतो. संदर्भ अंतर १००० मीटर आणि बिंदू १३०० मीटरवर असेल, तर ६० ही इंटेन्सिटी घातांक २ धरल्यास १०१ होते आणि ३ धरल्यास १३२. एवढ्या फरकात प्रजातींमधला फरक सहज बुडतो. म्हणून रस्त्यावर काढलेला घातांक झाडांना लावू नये, आणि लिडआर (lidR) या R भाषेतील पॅकेजमध्ये आधीच भरलेला २.३ हा आकडाही तपासल्याशिवाय स्वीकारू नये.

मी स्वतः यात बरेच दिवस अडकलो होतो, कारण सपाट भागातल्या, समान उंचीच्या दोन समांतर पट्ट्यांच्या सामाईक कडेवर घातांक शोधत होतो. तिथे दोन्ही अंतरे जवळपास सारखीच असतात, त्यामुळे कोणताही घातांक बरोबर वाटतो. निराळ्या उंचीवरची आडवी पट्टी जिथे छेदते ती जागा घ्यावी. दोन्ही पट्ट्यांतील पर्णछत्राच्या माथ्यावरचे फक्त एकेरी रिटर्न (ज्या लेझर स्पंदाचे एकच परावर्तन नोंदले गेले ते) निवडावेत, आणि २ ते ४ दरम्यान ०.१ च्या टप्प्याने ज्या घातांकाला दोन्हींतील फरक सर्वांत कमी येतो तो ठरवावा. अनेक रिटर्नपैकी पहिल्याची ऊर्जा पुढच्या रिटर्नमध्ये वाटली गेलेली असते, म्हणून त्याला या हिशेबात मुळीच घेऊ नये. आठ बिटांच्या नोंदीत २५५ वर अडकलेले बिंदूही वगळावेत. त्यांची खरी तीव्रता कोणत्याही सूत्राने परत मिळत नाही.

मग तो घातांक सर्व पट्ट्यांना लावावा आणि मूळ मूल्ये वेगळ्या रकान्यात जपून ठेवावीत.