फुटसालचा दमसास वळत पळूनच वाढतो

फुटसालसाठी, म्हणजे पाच-पाच जणांच्या छोट्या मैदानावरच्या फुटबॉलसाठी, रोज पहाटे पाच-सहा किलोमीटर एका लयीत पळणारे अनेक जण सामन्यात आठव्या मिनिटालाच कंबरेवर हात ठेवून उभे दिसतात. 40 बाय 20 मीटरच्या मैदानात सलग पळणं जवळजवळ नसतंच. असतं ते झपकन सुटणं, थांबणं, वळणं आणि धाप पुरती ओसरायच्या आत पुन्हा सुटणं. वरच्या पातळीच्या सामन्यात हृदयाचे ठोके बराच वेळ कमाल ठोक्यांच्या 85 टक्क्यांवर असतात. सराव त्याच धाटणीचा हवा.

आधी चाचणी घ्या. '30-15' चाचणीत 40 मीटर अंतरावरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर 30 सेकंद पळायचं आणि 15 सेकंद चालायचं. सुरुवात ताशी 8 किलोमीटरने होते, दर टप्प्याला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. बीपला ठरलेल्या 3 मीटरच्या पट्ट्यात सलग तीनदा पोचता आलं नाही की चाचणी संपली. शेवटचा पूर्ण केलेला टप्पा हा त्या खेळाडूचा वेग. छातीला ठोके मोजणारा पट्टा बांधलेला असेल तर त्याच वेळी कमाल ठोकेही नोंदवा. 220 वजा वय हा हिशेब एकेका खेळाडूच्या बाबतीत दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो.

आता शटलचं, म्हणजे दोन खुणांमध्ये जाऊन-येऊन मारायच्या धावांचं, गणित. समजा वेग ताशी 18 किलोमीटर निघाला, म्हणजे सेकंदाला 5 मीटर. त्याचे 95 टक्के 4.75. पंधरा सेकंदांच्या धावेत एक वळण, त्याचे 0.7 सेकंद वजा करा: 14.3 गुणिले 4.75, म्हणजे सुमारे 68 मीटर. कोन (खुणेचा शंकू) 34 मीटरवर ठेवा. जाऊन परत यायचं. 16.5 वेगाच्या खेळाडूचा कोन 31 मीटरवर येईल. सगळ्यांना एकच कोन दिला तर एक जण आरामात धावतो आणि दुसरा चौथ्या फेरीलाच कोलमडतो, म्हणून हा हिशेब टाळू नका. भाड्याच्या टर्फवर आधी टेप लावा, बरेचसे 40 मीटर नसतात. लांबी कमी पडली तर दोन वळणं धरा आणि 1.4 सेकंद वजा करा.

15 सेकंद धाव, 15 सेकंद विश्रांती, अशा 12 फेऱ्या म्हणजे 6 मिनिटं. 3 मिनिटं चाला, मग दुसरा संच. पहिल्या आठवड्यात 8 फेऱ्यांचे दोनच संच पुरे. नेहमीची चूक म्हणजे पहिल्या तीन फेऱ्या जोशात मारायच्या. कोनाशी आधी पोचून वाट पाहणाऱ्याला तिथेच टोका. दुसरी, दर वेळी एकाच पायावर वळणं. ताण त्याच बाजूच्या जांघेवर आणि गुडघ्यावर साठतो, म्हणून एका फेरीला उजवा पाय, पुढच्या फेरीला डावा.

दुसऱ्या सत्रात चेंडू हवा. अर्ध्या मैदानात तीन विरुद्ध तीन, 4 मिनिटांचे चार डाव, मध्ये 3 मिनिटं विश्रांती. ठोके कमालच्या 90 टक्क्यांच्या आसपास यायला हवेत. येत नसतील तर दोष बहुधा खेळाडूंचा नसतो, बाहेर गेलेला चेंडू आणण्यात वेळ जातो. कडेला आठ-दहा चेंडू ठेवा आणि लगेच नवा आत टाका. तरीही कमी पडलं तर माणसाला माणूस धरून, म्हणजे प्रत्येकाला एकेका प्रतिस्पर्ध्याच्या मागे लावून, खेळवा. मनगटी घड्याळ अशा झटक्यांत मागे पडतं, छातीचा पट्टा बरा. काहीच नसेल तर डाव संपताच प्रश्न विचारा. पूर्ण वाक्यात उत्तर आलं तर डाव हलका झाला.

सामना रविवारी असेल तर शटल मंगळवारी, चेंडूचं सत्र गुरुवारी. शुक्रवार-शनिवारी दमवणारं काही नको. सामन्यात मिनिटंच न मिळालेल्या बदली खेळाडूंना मात्र सोमवारी शटलचा एक संच द्या. नाहीतर संघात सर्वांत लवकर दमणारे तेच होतात.