नव्या घरात ओव्हन घेताय? गॅसचा की विजेचा हे ठरवताना या चुका टाळा

माझ्या बेकिंगच्या वर्गाला येणाऱ्या बऱ्याच जणी नव्या फ्लॅटची किल्ली हातात आली की फोन करतात. "ताई, गॅसचा ओव्हन घेऊ की इलेक्ट्रिक?" तोवर टाइल्स बसलेल्या असतात, ट्रॉल्या लागलेल्या असतात, वायरमन हिशेब करून गेलेला असतो. मग मी काय उत्तर देणार? ते ओट्यामागच्या भिंतीने आधीच देऊन टाकलेलं असतं. म्हणून विनंती आहे, हा प्रश्न वायरमन घरात असतानाच विचारा.

"गॅस बदलून दिलाय" यावर विश्वास ठेवणं

ही चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की तिच्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं.

माझी मावसबहीण साताऱ्याहून पुण्यात नव्या फ्लॅटमध्ये आली. साताऱ्यात तिच्याकडे सिलिंडरवर चालणारी कुकिंग रेंज होती, वर चार शेगड्या आणि खाली गॅसचा ओव्हन. इथे पाइपगॅस. एक माणूस येऊन जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकाची तोटी, बदलून गेला, शेगड्या छान पेटल्या, त्याचे पैसे दिले. त्यानंतर तीन महिने तिचा एक केक धड झाला नाही. रवा केक दीड तास ठेवला तरी वरून पांढरा आणि मधे कच्चा. नानकटाई पसरून एकमेकींना चिकटायची. तिने बेकिंग पावडर बदलली, लोणी बदललं, साखर कमी केली. शेवटी रडवेली होऊन म्हणाली, "ताई, माझा हातच गेला गं."

मी माझा ओव्हनचा थर्मामीटर घेऊन गेले. नॉब 180 वर, 40 मिनिटं झालेली, आणि काटा 120 च्या पुढे जाईना. ओव्हनच्या तळाचा पत्रा काढून पाहिलं तर खालच्या बर्नरची ज्योत निरांजनातल्या वातीएवढी. त्या माणसाने वरचे चार जेट बदलले होते, ओव्हनचा पाचवा बदललाच नव्हता. पत्र्याखाली असल्यामुळे तो कुणाला दिसत नाही.

यामागचं कारण समजून घ्या. सिलिंडरमधला एलपीजी रेग्युलेटरमधून साधारण 30 मिलीबार दाबाने येतो, पाइपचा नैसर्गिक गॅस 21 च्या आसपास. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत जवळजवळ अडीचपट उष्णता असते. म्हणून एलपीजीच्या जेटचं भोक बारीक आणि पाइपगॅसच्या जेटचं मोठं. बारीक जेटवर पाइपगॅस लावला तर ज्योत मरगळते. उलटं झालं तर ज्योत पिवळी आणि उंच होते, भांडी काळी पडतात, आणि हा प्रकार धोक्याचाही आहे.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. जेट बदलायला माणूस आला की काढलेले जुने जेट मोजून ताब्यात घेते. चार शेगड्या आणि ओव्हन म्हणजे पाच, ग्रिल वेगळं असेल तर सहा. आकडा जुळल्याशिवाय त्याला जाऊ देत नाही. नंतर त्याच्यासमोरच ओव्हन पेटवून मंद आचेवरची ज्योतही पाहते, कारण त्यासाठी वेगळा स्क्रू फिरवावा लागतो आणि घाईत तोच राहतो. आणि कृपा करून हे काम स्वतः करू नका. व्हिडिओ पाहून पाना हातात घेणाऱ्यांचा मला राग येतो. तिथे गॅस आहे, नळ नाही.

मोठी पिन, छोटा पॉइंट आणि मधे कन्व्हर्टर

विजेच्या बाजूची माझी सगळ्यात नावडती चूक ही. एका विद्यार्थिनीने 2000 वॉटचा ओटीजी, म्हणजे ओट्यावर ठेवायचा विजेचा छोटा ओव्हन, घेतला. त्याची पिन 16 अँपिअरची, ओट्यावरचा रिकामा पॉइंट मिक्सरचा, 6 अँपिअरचा. दुकानातून कन्व्हर्टर आणला आणि लावला. दिवाळीच्या आधी नानकटाईच्या एकामागून एक ताटल्या, सलग तीन तास. आधी पॉइंट पिवळा पडला, मग जळका वास आला. "पण एमसीबी तर पडला नाही," असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. एमसीबी म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त वीज वाहिली की आपोआप पडणारं बोर्डातलं बटण.

पडणार कसा? 2000 ला 230 ने भागा, 8.7 अँपिअर येतात. तिच्या त्या लाइनचा एमसीबी 16 चा होता, त्याच्या दृष्टीने सगळं ठीकच होतं. वितळत होता तो 6 अँपिअरचा पॉइंट. एमसीबी वायरिंग वाचवतो, त्याच्या मर्यादेखालचं स्वस्त सॉकेट वाचवत नाही.

ओटीजीला स्वतंत्र 16 अँपिअरचा पॉइंट हवा. भिंतीत बसवायचा मोठा ओव्हन 3000 वॉटच्या घरात जातो, त्याला मी 4 चौरस मिलिमीटरची स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी टाकून घेते. अर्थिंग तपासायला सांगते. पॉइंट ओव्हनच्या मागे न घेता बाजूच्या कपाटात घेते, म्हणजे बंद करायला ओव्हन बाहेर ओढावा लागत नाही.

काय भाजणार हे न ठरवता घेणं

लहानपणी दिवाळीत पीठ आणि डबे घेऊन आम्ही गल्लीतल्या बेकरीत जायचो. तिथल्या भट्टीतली नानकटाई खुसखुशीत व्हायची ती कोरड्या, चहूबाजूंच्या आचेमुळे. घरी त्याच्या जवळ जातो तो विजेचा ओव्हन, कारण त्याचे एलिमेंट, म्हणजे तापणाऱ्या सळ्या, वर आणि खाली दोन्हीकडे असतात. गॅसच्या ओव्हनमध्ये आच मुख्यतः खालून येते. त्यात 1 किलो एलपीजी जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते. ती दमट हवा पावाला मानवते, नानकटाईला आणि खारीला नाही. ज्यांचा भर बिस्किटं आणि केकवर आहे त्यांनी विजेचाच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. गावाकडे घर असेल आणि वीज तासन्‌तास जात असेल तर मात्र मी गॅसचाच सुचवते.

वायुवीजन विसरणं

गॅसच्या ओव्हनला उघडी खिडकी हवीच. बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइड साठू शकतो, आणि त्याला वास नसतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून सिलिंडरच्या ट्रॉलीला खाली जाळी हवी. पाइपगॅस हलका, तो वर जातो, म्हणून खिडकीचा वरचा भाग उघडा हवा. केशरी सुरक्षा नळी तापणाऱ्या ओव्हनच्या पाठीमागून नेऊ नका, आणि 5 वर्षांनी बदला.

बिलाची उगाच धास्ती

2000 वॉटचा ओव्हन तासभर चालला तरी तापमान राखणारा थर्मोस्टॅट त्याला मधे मधे बंद करतो, त्यामुळे 2 युनिटपेक्षा कमीच लागतं. आठवड्याला एका केकाने बिल फुगत नाही. रोज ऑर्डरी घेत असाल तर मात्र महावितरणच्या 100 आणि 300 युनिटच्या टप्प्यांवर लक्ष ठेवा, पुढच्या टप्प्याचा दर बराच चढा आहे.

दिवा गेला की केक आत

ओव्हन तापला असं दाखवत त्याचा दिवा विझला की लगेच केक आत ठेवायचा, दोन्ही प्रकारच्या ओव्हनमधली ही चूक. थांबायला तयार नसलेल्या नवशिक्यांना मी पहिल्या दिवशी एवढंच सांगते: दिवा गेला तरी अजून 10 मिनिटं थांबा, थर्मामीटर पाहा, मग साचा ठेवा. ओव्हनच्या आतला पंखा चालू असेल तर पाककृतीतलं तापमान 20 अंशांनी कमी करा. पहिली 20 मिनिटं दार उघडू नका.

सुताराला माप तोंडी सांगणं

भिंतीतले ओव्हन साधारण 60 सेंटिमीटर रुंद-उंच असतात, हे ऐकून सुतार बरोबर तेवढं खोकं करतो आणि मागची फळी ठोकून बंद करतो. गरम हवेला जागाच उरत नाही. मी पुस्तिकेतलं मापाचं पान छापून कपाटाच्या आत चिकटवून ठेवते, आणि मागची फळी कापल्याचा फोटो पाहिल्यावरच ओव्हनचे पैसे भरते.